साबतांगला मुक्कामी जा

बुधवार : मनिला ते बास्को

फिलिपिन्स म्हटलं की आपल्याकडची मंडळी सेबू, बोहोल, बोराकाय करून येतात. निळं पाणी, पांढरी वाळू, हातात शहाळं धरलेला फोटो. माझी भाची मनिलाला नोकरीला आहे, तिच्याकडे जायचं ठरल्यावर मीही तीच यादी घेऊन बसले होते. तिने ती बाजूला ठेवायला लावली. "मावशी, बातानेसला जाऊ. इथल्या लोकांनाही आयुष्यात एकदा जायचं असतं आणि बहुतेकांचं राहूनच जातं." राहून जातं ते विमानाच्या तिकिटामुळे. मनिलाहून बातानेसला जायला जेवढे पैसे पडतात, तेवढ्यात ते लोक परदेशवारी करून येतात.

तिकीट काढलं, दोन तासांच्या आत बास्कोला उतरलो. विमानतळाच्या मागे इराया ज्वालामुखी, उंची हजार मीटरच्या वर, डोकं ढगात. विमानतळ म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या एसटी स्थानकाएवढा. सामान घ्यायला पट्टा नाही, माणसं आणून हातात देतात.

थोडा भूगोल सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. फिलिपिन्सच्या नकाशात सगळ्यात वर, लुझोन संपल्यावर समुद्रात जे ठिपके दिसतात तो बातानेस प्रांत. देशातला सगळ्यात छोटा, क्षेत्रफळानेही आणि लोकसंख्येनेही. 2020च्या जनगणनेत अख्ख्या प्रांतात एकोणीस हजारसुद्धा माणसं भरली नाहीत. वस्ती फक्त तीन बेटांवर: बातान, साबतांग आणि इतबायात. उत्तरेच्या टोकाच्या मावुलिस बेटापासून तैवान जेमतेम दीडशे किलोमीटर. एका बाजूला प्रशांत महासागर, दुसऱ्या बाजूला दक्षिण चिनी समुद्र, आणि जून ते नोव्हेंबर पॅसिफिकमध्ये तयार होणाऱ्या टायफूनांची जाण्यायेण्याची वाट नेमकी इथून. इथे पुढे जे जे पाहिलं, घर, होडी, टोपी, ताटातला मासा, त्या सगळ्यावर या वाऱ्याचा हात फिरलेला आहे.

बास्को हे नाव स्पॅनिश गव्हर्नर-जनरल होसे बास्कोवरून पडलं. 1783 साली त्याच्या कारकिर्दीत ही बेटं स्पेनच्या अमलाखाली आली. संध्याकाळी दीपगृहापर्यंत चालत गेलो. गायी कड्याच्या अगदी काठावर चरत होत्या, हाकायला कोणी नाही. रात्रीच्या जेवणात पिवळा भात आला. हळदीचा! मी भाचीकडे पाहिलं तर ती म्हणाली, "म्हणूनच तुला इकडे आणलं." मनिलात हळद औषधापुरती, इथल्या भातात मात्र ती रोजची.

*बास्कोबद्दल एवढंच लक्षात ठेवा:* एटीएम इथेच. पुढे जिथे जाल तिथे रोख लागते, आणि सुटे लागतात. भारतीय पासपोर्टवर जून 2025पासून पर्यटनासाठी चौदा दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग जवळ ठेवा. नियम बदलत असतात, निघण्याआधी एकदा पाहून घ्या.

गुरुवार : इवाना ते साबतांग

पहाटे बास्कोहून इवानाला. रस्ता कड्याच्या पोटातून जातो आणि प्रत्येक आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवा म्हणून पाटी. चालक पाट्या मनापासून पाळतो. आपल्या घाटातल्या पाट्या आठवून मला हसू आलं.

इवानाच्या जुन्या दगडी चर्चसमोर धक्का आहे, तिथून फालुवा सुटते. फिलिपिन्सच्या कुठल्याही किनाऱ्यावर जी होडी दिसते तिला दोन्ही बाजूंना तोल सांभाळणाऱ्या बांबूच्या उलांड्या असतात. फालुवाला एकही नाही. पोट गोल, खोल, लाकडी. का, ते अर्ध्या वाटेवर समजलं. दोन बेटांमधलं अंतर फार नाही, पण या खाडीत दोन समुद्रांचे प्रवाह एकमेकांवर येतात. लाट अशी उचलते की समोरचं बेट दिसेनासं होतं. इथे उलांडी टिकली नसती, मोडून गेली असती. गोल पोटाची होडी लाटेशी भांडत नाही, तिच्याबरोबर वर जाते, खाली येते. तांडेल उभा राहून एका पायाने सुकाणू सांभाळत होता आणि दुसऱ्या माणसाशी गप्पा मारत होता. आमच्या होडीत माणसांबरोबर गॅसचे सिलिंडर, अंड्यांचे ट्रे, एक कपाट आणि एक अत्यंत नाराज डुक्कर होतं. मनिलाची एक तरुण मुलगी पूर्ण वेळ पिशवीत तोंड घालून होती. शेजारची म्हातारी तिची पाठ चोळत दुसऱ्या हाताने आपलं सुक्या मासळीचं पुडकं सांभाळत होती. पाऊण तासात पलीकडे.

उतरल्यावर पर्यटन कार्यालयात नाव लिहायचं, शुल्क भरायचं, गाडी ठरवायची. साबतांग ही एक म्युनिसिपालिटी. या शब्दाने फसू नका. फिलिपिन्समध्ये प्रांताखाली म्युनिसिपालिटी आणि तिच्याखाली बरांगाय, म्हणजे साधारण आपला तालुका आणि गावं. या तालुक्यात माणसं किती, तर सतराशेच्या आसपास. बेटाचं क्षेत्रफळ चाळीस चौरस किलोमीटरच्या थोडं वर, बरांगाय सहा. सिनाकान आणि मालाकदांग मिळून मुख्य गाव, पूर्व किनाऱ्यावर साविदुग आणि चावायान, पश्चिमेला नाकानमुआन आणि सुमनांगा. एवढ्याशा लोकसंख्येला स्वतंत्र मेयर, सभागृह आणि निवडणुका. भिंतींवर उमेदवारांची पोस्टरं अजून होती, आणि आडनावं बरीचशी तीच तीच.

गाडी म्हणजे तीनचाकी, मोटरसायकलला जोडलेला डबा. इथल्या काही तीनचाकींना गवताचं छप्पर आहे! शाकारलेलं, कडा कापून नीट केलेलं. पर्यटकांसाठी नखरे असतील असं मला वाटलं, पण चालक म्हणाला की पत्र्याखाली दुपारी डोकं तापतं, गवताखाली नाही.

दुपारपर्यंत इतर सगळ्यांबरोबर आम्हीही फिरलो. साविदुगच्या बाहेर रस्त्यावरूनच एक उंच टेकाड दिसतं, चहूबाजूंनी तुटलेलं, माथा सपाट. हे इजांग. स्पॅनिश येण्याआधी इवातान, म्हणजे इथले मूळ लोक, अशा टेकड्यांवर राहत, शत्रू आला की वरून दगड टाकत. 1687 साली विल्यम डॅम्पियर हा इंग्रज दर्यावर्दी या बेटांवर आला, त्याने कड्यावर पायरीपायरीने बसवलेली घरं आणि वर जायच्या शिड्या यांचं वर्णन लिहून ठेवलंय. साबतांगला त्याच्या जहाजावरच्या खलाशांनी मॉन्मथ, म्हणजे इंग्लंडच्या ड्यूक ऑफ मॉन्मथचं नाव दिलं. त्यांना इथली उसाची दारू मात्र जास्त आवडली. तिला बाशी म्हणत आणि त्यावरून साऱ्या बेटांनाच बाशी म्हणू लागले. तैवान आणि बातानेसमधल्या सामुद्रधुनीला आजही बाशी चॅनेल म्हणतात. जगात दारूच्या नावाने ओळखला जाणारा समुद्र बहुधा हा एकच असेल.

स्पॅनिशांनी लोकांना टेकड्यांवरून खाली आणलं, चर्चभोवती वसवलं. मालाकदांगच्या प्रमुखाला, आमान दांगातला, ते मानवलं नाही. 1791 साली त्याने उठाव केला, त्याला फाशी दिलं आणि साबतांगची माणसं उचलून समोरच्या इवानाला नेऊन ठेवली. आपलं बेट रोज समोर दिसतंय आणि तिथे जायचं नाही! ती माणसं परत आली ती एकोणिसाव्या शतकात, 1840च्या दशकाच्या आसपास. मुख्य गावातलं सान विसेन्ते फेररचं चर्च त्याच काळातलं. सकाळी ज्या खाडीने आमची आतडी पिळली तिच्याकडे मग मी वेगळ्या नजरेने पाहिलं.

दुपारी दोनच्या सुमाराला शेवटची फालुवा सुटते. डझनभर पर्यटक, त्यांचे मार्गदर्शक, टोप्या, सेल्फीच्या काठ्या, सगळं धक्क्याकडे धावलं. साबतांगला येणारे जवळपास सगळे असेच येतात, सकाळी येऊन दुपारी परत. आम्ही धक्क्यावर उभं राहून त्यांना हात केला. होडी वळली आणि मागे वळून पाहते तो गाव बदललेलं होतं. दुकानदारीणबाईने स्मरणवस्तूंचं टेबल आत घेतलं आणि दारात मासे साफ करायला बसली. शाळेची पोरं रस्त्याच्या मधोमध बास्केटबॉल खेळू लागली. एका म्हाताऱ्याने आम्हाला विचारलं, "होडी चुकली का?" राहणार आहोत म्हटल्यावर त्याने आम्हाला बसायला स्टूल दिलं.

शुक्रवार : चावायान

साविदुगहून चावायानला जाताना चामांताद-तिन्यानची चढण लागते. खाली कड्यांच्या मिठीत पांढऱ्या वाळूचा तुकडा, वर हिरवीगार उतरण, बकऱ्या. वारा एवढा की भाचीची ओढणी तीनचाकीच्या मागे झेंड्यासारखी फडकत आली. चालकाने गाडी थांबवून ती गुंडाळून तिच्या हातात दिली.

चावायान म्हणजे समुद्राकडे तोंड करून बसलेल्या दगडी घरांच्या ओळी आणि मधून फरसबंद गल्ल्या. मी राजापूरकडची. लहानपणी आजोळी शेवटची केंबळी घरं पाहिलेली, दर उन्हाळ्यात शाकारणी करताना वर चढलेला आजा पाहिलेला. त्यामुळे छपराकडे माझी नजर आधी गेली. इथला कोगोन गवताचा थर हातभर जाड असतो. एकावर एक पेंढ्या आवळून बांधतात. नीट बांधलेलं छप्पर वीस-पंचवीस वर्षं जातं म्हणे. भिंती हातभरापेक्षाही जाड, दगड आणि चुन्याच्या. चुना पोवळ्याचे दगड भाजून केलेला. ही विद्या स्पॅनिशांबरोबर आली, त्याआधीची घरं लाकूड-गवताची होती. खिडक्या तीनच बाजूंना, ज्या अंगाने टायफून येतो ती भिंत आंधळी. राहतं घर वेगळं, स्वयंपाकघर वेगळं. गवती छपराखाली रोज चूल पेटायची तर हे शहाणपण हवंच. वादळाचा इशारा आला की छपरावर दोरांचं जाळं टाकून जमिनीतल्या दगडांना बांधतात.

आमची घरमालकीण सत्तरीच्या पुढची. तिला सगळे लोला म्हणतात, फिलिपिनोत आजीला लोला. पाहुण्यांसाठीचे ठेवणीतले शब्द तिच्याकडे नव्हते, इंग्रजी शाळेत शिकल्याएवढंच. भाचीच्या तागालोगवर काम चाललं. पोचल्या पोचल्या लोलाने मला अंगणात बसवलं आणि डोक्यावर वाकुल घातलं.

वाकुल फोटोत पाहिलं की केसाळ, लांब टोपासारखं दिसतं, लोक घालून विनोदी तोंडं करतात. डोक्यावर चढल्यावर मला एकदम कळलं: हे इरलंच! डोकं, मान, पाठ, सगळं झाकणारं आणि वाकून काम करताना हात मोकळे ठेवणारं. आपलं इरलं पावसासाठी, हे उन्हाला, पावसाला आणि वाऱ्याला. वोयावोय नावाच्या ताडाच्या पानांच्या तंतूंचं ते करतात, आपल्या शिंदीच्या कुळातलंच ते झाड. पानं वाळवायची, चिरायची, विंचरायची, मग ओळीओळीने विणायची. एक वाकुल करायला आठवडे जातात. पुरुषांचं वेगळं, अंगरख्यासारखं, त्याला कानायी म्हणतात. गावातल्या बायकांनी मिळून विणकामाचं छोटं केंद्र चालवलंय, तिथे छोट्या बाहुलीएवढी वाकुलं विकायला असतात. खरं वाकुल महाग आहे आणि ते तसं असायलाच हवं. घासाघीस करणाऱ्या एका पाहुणीला लोला काही बोलली नाही, फक्त अर्धवट विणलेलं वाकुल तिच्या मांडीवर ठेवलं आणि एक ओळ घालून दाखव म्हणून खूण केली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात शिरले. छताला लसणाच्या जुड्या. बातानेसचा लसूण छोटा आणि झणझणीत. चुलीवर वुनेस शिजत होतं. अळूची वाळवलेली देठं! भिजवून, चिरून, लसूण आणि डुकराच्या तुकड्यांबरोबर. मी शाकाहारी नाही पण डुक्कर खात नाही, म्हणून माझ्यासाठी वेगळं मासे घालून केलं. अळूची देठं वाळवून ठेवायची हे आमच्याकडेही कधी कोणाला सुचलं असेल का, पावसाळ्यात एवढी उगवतात आणि आम्ही फदफद्याच्या पुढे जात नाही. त्याबरोबर उवुद, म्हणजे केळीच्या बुंध्यातला गाभा किसून मासे घालून केलेले गोळे. जेवण तिपुहोच्या पानावर. तिपुहो हे फणसाच्या कुळातलं झाड, पान रुंद आणि जाड. कुठल्याही टायफूननंतर जे जमिनीखाली किंवा जमिनीलगत उरतं, अळू, रताळं, उवी म्हणजे कोनफळ, त्यावर इथलं स्वयंपाकघर उभं आहे. भात नंतर आला आणि अजूनही बराचसा बाहेरून येतो.

एक गोष्ट या गावाबद्दल कोणी सांगत नाही ती सांगते. चावायानच्या सुंदर फोटोंमध्ये दिसणाऱ्या घरांपैकी कित्येक कुलूपबंद आहेत. काहींवर गवताऐवजी पत्रा आलाय, काही नुसत्या भिंती उरल्यात आणि आत पपई वाढलीय. लोलाची तीन मुलं: एक मनिलात, एक तैवानमध्ये कारखान्यात, एक बास्कोत सरकारी नोकरीत. छप्पर शाकारायला पूर्वी अख्खं गाव येई, त्या सामूहिक कामाला यारू म्हणतात. आजही येतात, पण येणारे हात कमी झालेत आणि जे आहेत ते साठीचे. गवत तोडायचं, वाहायचं, बांधायचं, आणि जमलेल्या सगळ्यांना जेवू घालायचं. पत्रा दोन माणसं दोन दिवसांत टाकतात. बातानेसचं निसर्ग-सांस्कृतिक दृश्य 1993पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहे, आणि 2016 साली या प्रांताच्या पर्यटनासाठी खास कायदाही झाला. पण छपरावर चढायला यादी येत नाही, हे मला आजोळच्या अनुभवावरून पक्कं ठाऊक आहे. पत्रा टाकणाऱ्याला नावं ठेवणाऱ्या पर्यटकाने एकदा गवताचा भारा डोक्यावर घेऊन ती चढण चढावी.

*चावायानला राहायचं तर:* पर्यटन कार्यालयातूनच घरगुती मुक्कामाची व्यवस्था होते. जेवणाचं आदल्या दिवशी सांगा, आयत्या वेळी हॉटेल शोधाल तर उपाशी राहाल. घरांच्या दारातून आत डोकावू नका, ती कोणाची तरी घरं आहेत. आणि आभार मानायचे तर 'दियोस मामाहेस' म्हणा, लोक खुलतात.

शनिवार : पश्चिम किनारा

मुख्य गावातून पश्चिमेला मोरोंगचा किनारा. नाकाबुआंगची दगडी कमान इथेच, साबतांगचा सगळ्यात जास्त छापला गेलेला फोटो. आम्ही पर्यटकांची होडी यायच्या आधी पोचलो, त्यामुळे कमानीखाली फक्त एक कुत्रा होता. पाणी सुंदर, पण पोहण्याआधी गावकऱ्याला विचारा. प्रवाह दिसत नाहीत, ओढतात मात्र.

नाकानमुआन शांत, सुमनांगा गजबजलेलं. सुमनांगाला गमतीने छोटं हाँगकाँग म्हणतात, कारण समुद्र आणि डोंगर यांच्या मधल्या पट्टीत घरं एकमेकांना खांदे लावून उभी आहेत. किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांवर मासे वाळत होते. मार्च ते मे हा इथे उडत्या माशांचा आणि अरायूचा हंगाम. अरायू म्हणजे हॉटेलांच्या यादीत डोराडो किंवा माही-माही म्हणून येतो तो. पकडायची रीत मजेची आहे: आधी छोट्या गरीने उडता मासा, दिबांग, पकडायचा आणि त्याचंच आमिष लावून त्याच्या मागे येणारा अरायू. बातान बेटावरच्या दियुरा गावात हे काम करणाऱ्यांना माताव म्हणतात. हंगाम सुरू होताना धक्क्यावर पूजा होते, डुक्कर किंवा कोंबडं कापून समुद्राला मान देतात. घरी क्रूस आणि समुद्रावर जुना देव, कोणालाच अडचण नाही. आमच्या नारळी पौर्णिमेलाही ती कधी आली नाही.

एका कोळ्याने अरायूचा वाळलेला तुकडा चुलीवर भाजून हातात दिला. वर्षभराचं कालवण म्हणून घरोघरी हे तुकडे साठवतात, वादळात होड्या बंद असल्या की तेच. तो म्हणाला, भाजून खायचा, तळायचा नाही, तेल वाया जातं. मासे वाळवणाऱ्या बायकांशी माझी हातवाऱ्यांनी बराच वेळ चर्चा झाली: मीठ किती, ऊन किती दिवस, मांजराचं काय करता. मांजराचं उत्तर जगभर सारखंच आहे: काही नाही.

नारळखेकडा, तातुस, इथली प्रसिद्ध चीज. वाढायला दशकं लागतात आणि संख्या घटतेय. मी नाही मागवला. तुम्हीही राहू द्या, चव सांगणारे भरपूर आहेत.

रविवार : होडी बंद

रविवारी परतायचं होतं. पहाटे उठून पाहिलं तर समुद्राचा रंगच वेगळा. तटरक्षक दलाने होड्या थांबवल्या होत्या. एप्रिलमध्ये हे कमी वेळा होतं, पण होतं. धक्क्यावर जमलेल्यांपैकी कोणी चिडलं नाही, कोणी फोनवर ओरडलं नाही. एक शिक्षिका उद्याच्या परीक्षेचे पेपर घेऊन बास्कोला निघाली होती, तीही वळून घरी गेली. मनिलाची मुलगी मात्र रडकुंडीला आली, तिचं संध्याकाळचं विमान होतं.

मग आम्ही मिस्सेला गेलो. मिस्सेनंतर चर्चच्या भिंतीच्या आडोशाला पुरुषांचा अड्डा, तिथे पालेक फिरत होती. उसाचीच ती, डॅम्पियरबरोबरच्या खलाशांना आवडलेली. आंबूस, थोडी गोड. गप्पा अर्थातच वादळांच्या. 2016चा मेरांती इतबायातवरून गेला तेव्हाची रात्र, 2021 सालचा किको, 2024च्या सप्टेंबरअखेरचा ज्युलियन. प्रत्येक वादळाची प्रत्येकाकडे एक गोष्ट: कोणाचा पत्रा पलीकडच्या डोंगरावर सापडला, कोणाची बकरी स्वयंपाकघरात तीन दिवस राहिली. इतबायातच्या 2019च्या भूकंपाचा विषय निघाला तेव्हा मात्र आवाज खाली गेले. जुलैमधली पहाट, नऊ माणसं गेली. वाऱ्यासाठी बांधलेली जाड दगडी घरं भूकंपात अंगावर येतात, आणि पुन्हा कशी बांधायची याला सोपं उत्तर कोणाकडेच नाही.

मी तैवानचा विषय काढला. 2023पासून अमेरिका आणि फिलिपिन्सच्या संयुक्त लष्करी कवायती या बेटांवरही होतात, बातम्यांत बातानेसचं नाव येतं ते हल्ली त्यासाठीच. एक जण म्हणाला, सैनिक आले की तांदूळ महागतो. दुसरा म्हणाला, तैवानला त्याचा मुलगा आहे, तिकडे काही झालं तर त्याला फालुवा घेऊन आणायला जाईन. सगळे हसले. तो हसला नाही.

*म्हणून हे नक्की करा:* परतीचं मनिलाचं विमान साबतांगहून परतण्याच्या दिवशी कधीही ठेवू नका. मध्ये निदान एक मोकळा दिवस हवा. मार्च ते मे हा सगळ्यात भरवशाचा काळ. उलटीची गोळी होडीत बसण्याआधी अर्धा तास घ्या, बसल्यावर उपयोग नाही. कॅमेरा आणि फोन प्लास्टिकच्या पिशवीत.

सोमवार : इवाना

सकाळी समुद्र असा शांत की काल काही झालंच नव्हतं. लोलाने वाळवलेल्या देठांची जुडी बांधून दिली, ती विमानात चालेल का यावर भाची आणि मी धक्क्यापर्यंत वाद घातला. (चालली. लसणाचा वास मात्र सामान ठेवायच्या कप्प्यातून चार ओळींपर्यंत गेला.)

इवानाला उतरल्यावर धक्क्याजवळच एक दुकान आहे. एका निवृत्त शिक्षिकेने 1995 साली सुरू केलेलं. दुकानात दुकानदार नाही. हवं ते घ्या, दर लिहिलेले आहेत, वहीत नोंद करा, पैसे पेटीत टाका. यावर खूप लिहिलं गेलंय आणि प्रामाणिकपणाचं मंदिर वगैरे म्हणून ते आता थोडं पर्यटकी झालंय. मला गंमत वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. आम्ही कॉफी घेतली, पाचशेची नोट होती आणि पेटीत सुटे नव्हते. होडीतून उतरलेली पेपरवाली शिक्षिका आमच्यामागेच होती. तिने आमच्या दोघींचे पैसे टाकले, स्वतःचं बिस्कीट घेतलं, वहीत तिन्ही नोंदी केल्या आणि म्हणाली की बास्कोला जीपमधून बरोबरच जाऊ, तिथे नोट मोडून द्या. बास्कोला पोचल्यावर तिने पैसे मोजून घेतले आणि एक पेसो जास्त झाला म्हणून परत केला. परीक्षा एक दिवस उशिरा सुरू झाली म्हणून मुलं खूश असतील, असं म्हणत ती शाळेकडे वळली.